शेंगा होडीत, मडकं बांधावर

हैबतराव रोह्याकडचे. पावसाळ्यात भात पिकवायचं, भातामागून त्याच ओलीवर वाल टाकायचे आणि वाल निघाले की लग्नसराईत जेवत हिंडायचं, अशी त्यांची वर्षं गेली. साठी ओलांडल्यावर मुलाने, अक्षयने, शेतीचा कारभार हातात घेतला आणि सांगितलं, "बाबा, आता आराम करा." आराम म्हणजे नक्की काय करायचं हे हैबतरावांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी मोबाईलवर बघायला सुरुवात केली. बघता बघता त्यांना कळलं, की जगातली पुष्कळ साठीची माणसं टोपी घालून पाण्याकाठी बसतात, मासे पकडतात आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात. सोडणं काही त्यांना पटलं नाही. बाकी सगळं पटलं.

मग घरी एक लांबलचक खोकं आलं. त्यात चकरी लावलेली निळी घडीची गरी, म्हणजे गळाची काठी, होती, मानेवर फडकं लोंबणारी टोपी होती आणि खिसेच खिसे असलेलं एक जाकीट होतं. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, जाकीट उलटसुलट करून बघितलं.

"एवढ्या खिशांत ठेवनार काय?"

"सामान."

"कसलं?"

"तंबाखू," हैबतराव म्हणाले.

गरी आली, पण ती टाकायची कुठे? गावच्या ओढ्यात टाकली असती तर पोरं हसली असती. तेव्हा त्यांना व्याही आठवले. त्यांची मुलगी दिशा दोन वर्षांपूर्वी पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी दिली होती. जावई साहिल जोह्याच्या कारखान्यात गणपती रंगवायचा. साहिलचे वडील महिपती यांची उमर मिठागरात गेली. मिठागर बंद पडल्यावर त्यांनी छोटी मशीनची होडी घेतली आणि मासेमारी सुरू केली. माणूस अबोल. अबोल राहणं त्यांना परवडायचं, कारण त्यांच्या वाटचं बोलायला सगुणाबाई होत्या.

हौसाबाईंना या सगुणाबाईंची जरा धास्तीच होती, आणि तिला कारण होतं. साखरपुड्याच्या दिवशी आतल्या खोलीत हौसाबाई आपल्या बहिणीच्या कानात म्हणाल्या होत्या, "माझी पोर चिखलात चालली गो." नेमक्या त्याच वेळी सगुणाबाई पेढ्यांचं ताट घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर हौसाबाई जेव्हा जेव्हा लेकीकडे गेल्या, तेव्हा सगुणाबाई पुढे होऊन दोन दोन चटया अंथरायच्या आणि गोड आवाजात म्हणायच्या, "बसा विहीनबाय. खाली नको, पाय भरतील चिखलानं."

हौसाबाई बसायच्या आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायच्या.

त्या वर्षी पौषात हैबतरावांनी व्याह्यांना फोन केला. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. खाडीवर जाऊन पोपटी लावू, मडक्यात शेंगा भाजू, मासेही पकडू, मजा करू, असं त्यांनी सांगितलं.

"खाडीवर मजा?" महिपतींनी विचारलं. जन्मभर जिथे पाठ मोडून काम केलं तिथे माणूस मजेला कसा जातो, हे त्यांना उमगेना. पण व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? ते "या" म्हणाले.

रविवारी सकाळच्या गाडीने हैबतराव आणि हौसाबाई पेणला उतरले. एका पोत्यात शेंगा, पिशवीत अंडी, बटाटे, जाडं मीठ, ओवा आणि मसाला लावलेली कोंबडी. हैबतरावांनी टोपी आणि जाकीट रोह्यापासूनच चढवलं होतं.

सगुणाबाईंनी त्यांना अंगणातूनच नीट पाहून घेतलं.

"या व्याहीबुवा, या. मी म्हटलं लाईटवाला आला मीटर बघायला."

दिशा पदराआड हसली. हैबतरावही हसले, कारण दुसरं काय करणार?

बेत असा ठरला. पलीकडच्या अंगाला जुन्या मिठागराचा एक रुंद बांध होता, तिथे पोपटी लावायची. साहिल आणि दिशा मोटरसायकलवरून मडकं, भांबुर्ड्याचा पाला, पेंढा आणि गोवऱ्या घेऊन रस्त्याने वळसा घालून पुढे जातील. मोठी चौघं होडीतून येतील, वाटेत व्याहीबुवा मासे पकडतील. शेंगांचं पोतं आणि खाण्याची पिशवी होडीत ठेवली, कारण मोटरसायकलवर जागा नव्हती. तेव्हा ते सगळ्यांना अगदी बरोबर वाटलं.

हौसाबाई आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसत होत्या. त्यांनी एका हाताने होडीची कड धरली, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

"उघडा डोळे," सगुणाबाई म्हणाल्या. "पानी तुमच्याकडं बघत पन नाय."

हौसाबाईंनी एक डोळा उघडला. खाडी शांत होती. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, मध्ये चहासारखं पाणी, ऊन ऊबदार. पांढरे बगळे तिवरांवर वाळत घातलेल्या धोतरांसारखे बसले होते. त्यांनी दुसराही डोळा उघडला, पण होडीची कड काही सोडली नाही.

हैबतरावांनी गरी उघडली. पहिल्या फेकीत गळ महिपतींच्या टोपीत अडकला, दुसऱ्या फेकीत हौसाबाईंच्या पिशवीत. तिसरी फेक पाण्यात पडली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मासा मात्र लागेना.

"इथं नसतील," हैबतराव म्हणाले. "अजून बरी जागा नाय का?"

महिपतींनी होडी जरा पुढे नेली. तिथेही नव्हते. मग अजून पुढे. आता एक गोष्ट घडत होती, ती सगुणाबाईंच्या लक्षात आली, पण त्या गप्प राहिल्या. महिपती बोलू लागले होते. हैबतराव प्रश्न विचारत होते, मीठ कसं धरायचं, पाणी कसं घ्यायचं, भरतीची वेळ कशी कळते, आणि महिपती उत्तरं देत होते. घरात त्यांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. साहिलला रंगातलं कळायचं, सगुणाबाईंना सगळंच आधीपासून माहीत असायचं.

"मी जिथं कामाला होतो ती आगरं दाखवू काय तुमाला?" महिपतींनी विचारलं. त्यांचा चेहरा खुलला होता. "हितं आत वळलं का आलंच."

"दाखवा की!"

होडी एका चिंचोळ्या फाट्यात वळली. आगरं आता पाण्याखाली गेली होती आणि त्यांच्यात तिवरं उगवली होती, पण महिपती हात लांब करून दाखवत होते, हा आमचा कोंडा, मीठ धरायचा वाफा, ही मुकादमाची खोली, इथे आमी जेवायला बसायचो. हैबतराव फोटो काढत होते. सगुणाबाईंनी थर्मासमधला चहा ओतला. महिपती सांगत होते, की इतकी वर्षं या खाडीत फिरलो, रात्री फिरलो, वादळात फिरलो, पण आपली होडी कधी चिखलात बसली नाय. ते हे सांगत असतानाच होडीच्या खालून एक मऊ, लांबलचक आवाज आला. कोणी ओल्या गादीवर बसावं तसा.

होडी थांबली.

महिपतींनी मशीन सुरू केलं. मागे नुसता चिखल उडाला. त्यांनी वल्ह्याने रेटलं. वल्हं आत गेलं आणि बाहेर यायला तयार होईना. पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही बाजूंनी निघून चाललं होतं आणि थोड्याच वेळात होडीभोवती करडा, चकचकीत चिखल पसरला. त्यावर निवटे, चिखलातले ते बोटभर मासे, टुणटुण उड्या मारू लागले. एक निवटा होडीजवळ येऊन फुगलेल्या डोळ्यांनी हैबतरावांकडे बघत राहिला.

"आता?" हौसाबाईंनी विचारलं.

"आता भरती येयापरेंत बसायचं," सगुणाबाई म्हणाल्या. "मजा करायला आलो ना?"

महिपती मशीनपाशी पाठ करून बसले. त्यांच्या मानेवरून सुद्धा कळत होतं, की या माणसाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालंय. जमीन तर खरंच मऊ होती, पण घेत नव्हती.

बांध तिथून दिसत होता, नुसता हाकेवर. साहिल आणि दिशा बांधावर उभी होती. मडकं तयार होतं, आत पाल्याचा थर घातला होता, पेंढा रचला होता. शेंगा नव्हत्या.

"बाबा!" साहिल ओरडला. "काय झालं?"

महिपतींनी वळूनही पाहिलं नाही.

"काय नाय!" सगुणाबाई ओरडल्या. "तुझा बाप आमाला आगर दाखवतोय! जवळनं!"

हैबतरावांना व्याह्यांची दया आली. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "मीच सारखं पुढं चला, पुढं चला करत होतो." आणि काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्यांनी गरी उचलली आणि सवयीने फेकली. गळ थपकन चिखलावर पडला.

सगुणाबाई त्या गळाकडे थोडा वेळ बघत राहिल्या. "व्याहीबुवा, माशांना निरोप धाडा. म्हनावं, पानी आलं का या, आमी हितंच हाव."

आणि तेव्हा, पाठ करून बसलेल्या महिपतींचे खांदे हलू लागले. आधी हौसाबाईंना वाटलं ते रडतायत. मग त्यांचं हसणं फुटलं, मोठ्याने. "कामाला आलो तवा कदी नाय बसली," ते डोळे पुसत म्हणाले. "एक दिस मजेला आलो, तर बसली!"

इकडे बांधावर साहिलने पँट दुमडली आणि शेंगा न्यायला चिखलात उतरला. चार पावलांत तो मांडीपर्यंत गेला. पाय उपसताना तोल गेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत. बारीक कुंचल्याने मूर्तीचे डोळे रेखणारा माणूस, तो कसाबसा रांगत परत बांधावर आला तेव्हा रंगवायच्या आधीच्या शाडूच्या मूर्तीसारखा दिसत होता. दिशा पोट धरून हसत होती. मग तिने साडी गुडघ्याच्या वर खोचली, बांधावर पडलेली एक रुंद फळी ओढली आणि चिखलावर ठेवली.

हौसाबाई ताडकन उभ्या राहिल्या. होडी कलली, पण त्यांना भान नव्हतं.

"दिशा! अगो नको! थांब तितंच!"

दिशाने फळीवर एक गुडघा टेकला, दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरल्या आणि दुसऱ्या पायाने मागे रेटा दिला. फळी सरकली. पुन्हा रेटा, पुन्हा सरकली. पाय आत जायचा, पण अडकायच्या आत ती तो तिरका काढून घ्यायची. चिखलावर तिच्या मागे एक लांब ओली रेघ उमटत होती. निवटे दोन्ही बाजूंना उडत होते. मध्येच ती थांबली, हाताने केस मागे सारले, गालाला चिखल लागला, आणि पुन्हा निघाली.

"डावीकडनं!" सगुणाबाई ओरडल्या. "तितं मऊ हाय!"

"माहीत हाय, आई!" दिशा ओरडली, आणि हौसाबाईंच्या लक्षात आलं, की ही "आई" आपण नव्हे.

त्या हळूच खाली बसल्या. त्यांची पोर, जिला पावसात शाळेत पोचवताना त्या चिखलाच्या ठिकाणी कडेवर घ्यायच्या, ती त्या चिखलावरून अशी येत होती जशी घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत येतेय. चेहऱ्यावर ना भीती, ना तोरा. फक्त जरा घाई, कारण बांधावर विस्तव तयार होता.

"तुमी शिकवलंत?" त्यांनी विचारलं.

"शिकवतेय कसली. खुबे-शिंपल्या काढायला मी जायची, तर हिनं हट्टच धरलान, मी पन येनार. पयल्या दिशी कमरेपरेंत गेली. इतकी रडली, इतकी रडली..."

हौसाबाईंचा चेहरा पडला. "रडली?"

"हसून हसून गो," सगुणाबाई म्हणाल्या. "दोघी रडलो. घरी आलो तर यांनी आमाला वळखलंच नाय, दारात उभं करून बादलीनं पानी मारलं." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "चिखल हाय विहीनबाय. खोटं कशाला बोलू? पन पोर माझी सुखात हाय."

"माझी," हौसाबाई म्हणाल्या.

"व्हय. तुमची पन."

फळी होडीला येऊन टेकली. दिशा धापा टाकत होती. "आई, शेंगा दे," ती म्हणाली. दोघी एकदम पोत्यावर वाकल्या आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. हैबतराव आणि महिपती शहाणे होते. त्यांनी तिवरांवरचे बगळे मोजायला घेतले.

पोतं आणि पिशवी फळीवर बांधली. निघताना हौसाबाईंनी पदराने लेकीच्या गालावरचा चिखल पुसला. तो पुसला गेला नाही, उलट पसरला.

"राहू दे गो," दिशा म्हणाली, "जाताना परत लागनार हाय."

पुढचा तासभर होडीतल्या चौघांनी जे सोसलं ते सांगण्यासारखं आहे. बांधावर दिशाने मडक्यात शेंगांचा थर घातला, मग अंडी-बटाटे, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, वरून पाला दडपून तोंड बंद. मडकं उपडं घातलं, भोवती गोवऱ्या आणि पेंढा रचून पेटवलं. थोड्या वेळाने वारा फिरला आणि भांबुर्ड्याचा, ओव्याचा, भाजत्या शेंगांचा तो वास सरळ होडीत आला. चौघं सकाळपासून चहावर होती.

"तुमच्या एवढ्या खिशांत काय हाय का बगा," सगुणाबाई म्हणाल्या.

हैबतरावांनी एकेक खिसा उघडला. तंबाखूची पुडी, चष्मा, मोबाईल, सुटे गळ, आणि अगदी शेवटच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या. त्या चौघांनी वाटून घेतल्या. महिपतींनी गोळी चघळत विचारलं, "व्याहीबुवा, ही चकरी फिरती कशी?" आणि मग हैबतरावांनी त्यांना दाखवलं. पाणी नसल्यामुळे घाई नव्हती. दोघं आळीपाळीने कोरड्या फेकी करत बसले. महिपतींची फेक दूर तिवरापर्यंत जायची आणि प्रत्येक वेळी ते लहान पोरासारखे बायकोकडे बघायचे. सगुणाबाई बघत नसल्याचं दाखवायच्या.

बायकांनी होडीच्या पुढच्या टोकाला पाय पसरले. बोलणं कशावरून निघालं आणि कुठे गेलं कोण जाणे. वालाची बिरडी कोण कशी करतं इथपासून सुरुवात झाली होती, आणि जरा वेळाने हौसाबाई सांगत होत्या, की लग्नानंतर पहिलं वर्ष सासरी त्यांना रोज माहेरच्या विहिरीची स्वप्नं पडायची. सगुणाबाई ऐकत होत्या. या वेळी त्यांनी मध्ये एकही टोला मारला नाही.

ऊन उतरू लागलं तेव्हा फाट्याच्या तोंडाशी पाणी चमकलं. भरती हळूहळू आत आली, चिखल झाकला गेला, होडीच्या बुडाला गुदगुल्या झाल्यासारखी ती हलली, पण सुटली नाही. तेवढ्यात फाट्याच्या तोंडासमोरून, मोठ्या खाडीतून, एक मालाचा बार्ज आला. त्याच्या कठड्यावर एक खलाशी चहा पीत उभा होता. त्याने या चौघांकडे, निळ्या गरीकडे, टोपीकडे बघितलं.

"काय हो," तो ओरडला, "पिकनिक काय?"

"व्हय!" महिपती छाती काढून ओरडले. "तुमाला नाय सुट्टी?"

बार्जची लाट फाट्यात शिरली. महिपती "रेटा!" म्हणाले. हैबतरावांनी एका बाजूने वल्हं लावलं, महिपतींनी दुसऱ्या बाजूने, लाटेने होडी उचलली आणि ती सळकन सुटली. हौसाबाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

बांधावर पोचले तेव्हा साहिलने निखाऱ्यांत गरम ठेवलेलं मडकं बाहेर काढून चादरीवर उलटं केलं. वाफेचा लोट उठला. बोटं भाजत, फुंकर मारत सगळ्यांनी शेंगा सोलल्या. हैबतरावांनी इतक्या शेंगा खाल्ल्या, की शेवटी जाकिटाची सगळी बटणं सोडून ते बांधावर आडवे झाले, टोपी तोंडावर घेतली आणि घोरू लागले.

"हे बरं," सगुणाबाई म्हणाल्या. "आता खरा आराम जमला."

संध्याकाळची रोह्याची गाडी निघायला वेळ होता. साहिलने सासऱ्यांना जागं केलं, मोटरसायकलवरून स्टेशनला सोडतो म्हणाला. हैबतराव उठून बसले आणि बायकोला शोधू लागले. हौसाबाई बांधाच्या खाली, पाण्याशी उभ्या होत्या. लुगडं वर खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. एका बाजूला दिशा, दुसऱ्या बाजूला सगुणाबाई. तिघी वाकून काहीतरी बघत होत्या.

"अवो, चला! गाडी चुकंल!"

हौसाबाईंनी मान वर केली. "तुमी व्हा पुढं."

"आणि तू?"

"मी येते दोन दिसांनी. हितं सांजच्याला चिंबोऱ्या निगतात म्हनं."

हैबतराव एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग दिशाने उचलला आणि आईकडे दिला. मागून वाऱ्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी खूप हसत होतं.

"कवा येतेस?" त्यांनी विचारलं.

"कोन बोलतंय?" हौसाबाईंनी विचारलं, आणि हैबतरावांना मागून सगुणाबाईंचं हसू ऐकू आलं. "अवो, आता नाय बोलता यायचं. हातात चिंबोरी हाय. जिती." आणि फोन बंद झाला.

हैबतरावांनी अक्षयला हाक मारली आणि विचारलं, की पेणला जायला आत्ता एसटी आहे का.